नियती आणि नियतत्व: दोन्ही एकच म्हणणाऱ्यांशी माझा वाद

नदीकाठचा

नमस्कार. 2021 च्या महापुरापासून आमच्या घरात एक वाद चालू आहे. तो निदान नीट शब्दांत मांडता यावा, म्हणून हा धागा काढत आहे.

आमचे घर कोल्हापुरात सुतारवाड्याच्या अंगाला, सखल भागात आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे आमच्या गल्लीतल्या लहान मुलांनाही पाठ असतात. त्या जुलैत पातळी 43 च्या पुढे गेली, गल्लीत पाणी शिरले, तरी बाबा खुर्चीतून उठायला तयार नव्हते. "एकोणीसच्या पुरात वाचलो ते वाचायचं होतं म्हणून. आता जायचं असंल तर माळ्यावर बसूनबी जाईन," एवढेच ते म्हणत राहिले. शेवटी मध्यरात्री मी आणि शेजारच्या दोन मुलांनी त्यांना कमरेएवढ्या पाण्यातून उचलून बाहेर काढले. नदी पुढे 55 फुटांच्याही वर गेली.

सकाळी आत्या म्हणाली, "बघ, त्याची वेळ आली नव्हती." माझा धाकटा भाऊ पदार्थविज्ञान शिकलेला आहे. तो म्हणाला, "आत्या तिच्या भाषेत तेच सांगते आहे. प्रत्येक कण नियमाने चालतो, त्यामुळे बाबा वाचणार हे आधीच ठरलेले होते आणि तू त्यांना उचलणार हेही ठरलेलेच होते." दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. मला मात्र ते एकमत तेव्हाही खरे वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

गोंधळाचे एक कारण आपल्या भाषेत आहे. मराठीत 'नियतिवाद' हा शब्द दोन्ही विचारांसाठी सर्रास वापरला जातो. म्हणून या धाग्यापुरते मी दोन वेगळे शब्द घेतो. सटवाईने कपाळावर लिहिले ते काही केले तरी होणारच, या विचाराला मी दैववाद म्हणेन. प्रत्येक घटना आधीच्या स्थितीतून आणि निसर्गनियमांतून अटळपणे निष्पन्न होते, या विचाराला नियतत्ववाद म्हणेन.

दैववादाचे सर्वांत स्वच्छ चित्र मला महाभारताच्या आदिपर्वातील परीक्षिताच्या कथेत दिसते. सात दिवसांत तक्षकाच्या दंशाने मृत्यू येणार, असा शाप राजाला मिळतो. तो एका खांबावर उभा असलेला महाल बांधून घेतो, वैद्य आणि मांत्रिक भोवती बसवतो, वाऱ्यालाही विचारून आत सोडावे असा बंदोबस्त करतो. विष उतरवू शकणारा काश्यप वाटेत असतो, तर तक्षक त्याला धन देऊन परत पाठवतो, आणि स्वतः फळातला किडा होऊन आत शिरतो. येथे शेवट पक्का आहे आणि वाट मोकळी आहे. राजाने महाल बांधला नसता तर तक्षकाने दुसरा मार्ग काढला असता, पण सातव्या दिवशी तो आलाच असता.

आता राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे डोळ्यांसमोर आणा. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात, कोणाला कळ दाबावी लागत नाही, आणि प्रत्येक दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावती नदीत उतरते. उघडणे अटळ आहे, पण ते पातळीवर टांगलेले अटळपण आहे. पातळी चार बोटे खाली राहिली तर दरवाजा उघडत नाही आणि उघडण्यासाठी दुसरी वाटही शोधत नाही. नियतत्ववादात वाट पक्की असते, आणि ती पक्की आहे म्हणूनच शेवट पक्का असतो.

म्हणून मी आत्याला आणि भावाला एकच प्रश्न विचारला. मी त्या रात्री बाबांना उचलले नसते तर काय झाले असते? आत्याला म्हणावे लागते की, मग दुसऱ्या कोणी उचलले असते किंवा पाणी उंबऱ्याशी थांबले असते. भावाला म्हणावे लागते की, बाबा बुडाले असते. ज्या दोन मतांची एका प्रश्नाला इतकी उलट उत्तरे येतात, ती मते एक कशी म्हणता येतील? त्यांचे एकमत फक्त 'ठरलेले' या शब्दापुरते होते. आपणा सर्वांचे काय मत आहे, ते कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त मास्तर

विषय उत्तम मांडलात. मी तीस वर्षे संस्कृत शिकवले, त्यामुळे आपल्या परंपरेत हा भेद पूर्वीच कसा जाणवला होता, एवढे सांगतो.

श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभीच जगाचे मूळ कारण काय असावे याची चर्चा आहे आणि तेथे काल, स्वभाव, नियती आणि यदृच्छा ही नावे ओळीने, वेगवेगळी येतात. स्वभाव म्हणजे वस्तूचा अंगचा धर्म, अग्नीने जाळावे आणि पाण्याने उताराकडे जावे असा. यदृच्छा म्हणजे निव्वळ योगायोग. आपला नियतत्ववाद मला 'स्वभावा'च्या अधिक जवळचा वाटतो, तर दैववाद उघडच 'नियती'चा आहे. ज्यांनी हे शब्द शेजारी शेजारी ठेवले, त्यांना ते एक वाटत नव्हते.

नियतीचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता आजीवक पंथाचा मक्खली गोशाल. पाली दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात त्याचे मत दिले आहे. फेकलेली सुताची गुंडी जशी सूत संपेपर्यंत उलगडत जाते, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ठरलेले फेरे पुरे करूनच दुःखाचा अंत करतील. पुरुषाचा पराक्रम, प्रयत्न, बळ यांना काही अर्थ नाही. 'शहाणे आणि मूर्ख दोघेही' या शब्दांकडे लक्ष द्यावे. शहाणपणाने काही फरक पडत नाही, हे दैववादाचे खरे लक्षण आहे. आगीत हात घालणारा आणि न घालणारा दोघेही सारखेच भाजतील, असे कार्यकारणभाव मानणारा कधी म्हणणार नाही.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. 'दैव' हा शब्द आला की दैववाद आला, असे समजू नये. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. येथे दैव हे पाचांतील एक आहे, बाकीच्या चौघांना गिळून बसलेले नाही. याज्ञवल्क्य स्मृतीतही दैव आणि पुरुषकार (म्हणजे प्रयत्न) यांना रथाच्या दोन चाकांची उपमा आहे, आणि दैव म्हणजे पूर्वदेहात केलेला पुरुषार्थच, असेही तेथे म्हटले आहे. आपल्या आत्याबाईंच्या मनात यांपैकी कोणते दैव आहे, हे त्यांना एकदा विचारून पाहावे.

गणकयंत्र

मला एक भर घालावीशी वाटते, कारण नियतत्ववाद म्हटला की लोकांना भविष्य सांगता येणे अभिप्रेत वाटते. हा समज फ्रेंच गणितज्ञ लाप्लास याच्यामुळे रूढ झाला असावा. 1814 मध्ये त्याने लिहिले की, एखाद्या क्षणी सर्व कणांची स्थाने आणि सर्व बले जाणणाऱ्या बुद्धीला भूत आणि भविष्य सारखेच स्पष्ट दिसेल. पण ठरलेले असणे आणि सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1961 मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ हवामानाचे एक छोटे प्रारूप संगणकावर चालवत होता. जुने गणित पुन्हा चालवताना त्याने 0.506127 ऐवजी 0.506 एवढाच आकडा भरला, आणि थोड्याच काळात दोन्ही हवामाने एकमेकांना ओळखणार नाहीत इतकी वेगळी झाली. समीकरणे पूर्ण नियत होती, त्यांत योगायोगाला कोठेही जागा नव्हती, तरी अंदाज कोसळला.

ज्योतिषात नेमके उलट घडते. तेथे वाट कोणालाच ठाऊक नसते, तरी शेवट सांगितला जातो. आपल्या पाणलोटात उद्या किती मिलिमीटर पाऊस पडेल हे नेमके सांगता येत नाही, म्हणून तो दैवाने पडतो असे होत नाही.

लाल माती

मी गंगावेशीच्या बाजूला वाढलो आणि काही वर्षे तालमीत घालवली. आम्हाला हा फरक सांगायला ग्रंथ लागत नाही, नूरा कुस्ती पुरते. नूरा कुस्तीत निकाल आधी ठरतो आणि मग डाव त्या निकालाला जुळवून घेतले जातात. कोणी ढाक लावला काय किंवा पट काढला काय, शेवटी ठरलेल्याचीच पाठ मातीला लागते. खऱ्या कुस्तीतही, सगळे माहीत असलेल्या वस्तादाला निकाल आधी दिसू शकतो. जोर-बैठका किती मारल्या, खुराक काय होता, गुडघा दुखावला आहे का, समोरच्याचा दम किती मिनिटांत तुटतो, हे सगळे त्याने पाहिलेले असते. पण त्याला दिसतो तो निकाल डावांतून येणारा असतो. खासबाग मैदानात बसलेल्या माणसाला दोन्ही कुस्त्या बाहेरून सारख्या दिसतील, आतून मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ओंजळ

मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते आहे, कारण या धाग्यात दैव मानणारा म्हणजे हातपाय न हलवणारा, असे गृहीत धरलेले दिसते.

माझी पहिली मुलगी अकरा महिन्यांची असताना गेली. रात्री ताप होता. सकाळी दवाखान्यात नेऊ असे मी ठरवले आणि सकाळी फार उशीर झाला होता. पुढची दोन वर्षे मी रोज ती रात्र पुन्हा जगत होते. अकरा वाजता निघाले असते तर? रिक्षा मिळाली असती का? घरात तेव्हा दुसरे कोणी मोठे असते तर? माझ्या सासूबाई एके दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "तिचं आयुष्य तेवढंच होतं गं. तू नेलं असतंस तरी ती थांबली नसती." त्या वाक्यानंतर मी पहिल्यांदा झोपले.

नदीकाठचे दादा, आपला प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. नियतत्ववाद मला सांगतो की, मी अकरा वाजता निघाले असते तर कदाचित ती वाचली असती. दैववाद सांगतो की, नसती वाचली. आपण म्हणता तो फरक अगदी खरा आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच मला दैवाची गरज पडली. ज्याला उत्तर 'बुडाले असते' असे येते, त्याला ते सोपे जाते. ज्याला उलट येते, त्याने काय करावे?

नदीकाठचा

ताई, आपला प्रतिसाद वाचून मी दोन दिवस काही लिहू शकलो नाही. माझा प्रश्न मी ज्या घरात विचारला, त्या घरातला माणूस वाचला होता. त्यामुळे तो प्रश्न कोणाच्या तरी छातीवर किती जड पडेल, याचा विचार मी केलाच नव्हता.

तरीही आपल्याला एक सांगावेसे वाटते, आणि ते सांत्वनासाठी नव्हे, मला ते खरे वाटते म्हणून. नियतत्ववाद 'अकरा वाजता निघाले असते तर' हे म्हणतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. त्या रात्री आपल्याला जे ठाऊक होते, जेवढा थकवा होता, ताप जेवढा दिसत होता, घरात जितकी माणसे होती, त्या सगळ्यांतून 'सकाळी नेऊ' हा निर्णय निघाला. त्या आईच्या जागी, तेवढ्याच माहितीनिशी, तोच निर्णय निघणार होता. आज आपण स्वतःला जो दोष देता, तो आजच्या माहितीने त्या रात्रीच्या आईला दिलेला दोष आहे. सासूबाईंनी मुलीचा मृत्यू अटळ ठरवून आपल्याला सोडवले. मी म्हणतो की मृत्यूला अटळ न ठरवताही आपण सुटता.

आणि एक फरक उरतोच. 'तेवढेच आयुष्य होते' हे वाक्य पाठीमागे वळून बोलताना हळुवार आहे. तेच वाक्य पुढच्या तापाच्या रात्री कोणी बोलले, तर ते घातक आहे. माझे बाबा ते पुढच्या पाण्याकडे पाहून बोलत होते.

उत्तरेश्वर पेठ

मला येथे एक जोरदार आक्षेप घ्यायचा आहे आणि कृपया तो टाळू नये. आपण सर्वजण जणू नियतत्ववादात प्रयत्नाला जागा आहे, असे बोलत आहात. पण प्रयत्न तरी कोठून आला? आपण वडिलांना उचललेत, कारण आपला स्वभाव तसा. स्वभाव तसा, कारण संस्कार आणि मेंदूची घडण तशी. ती तशी, कारण आपल्या जन्माच्या कितीतरी आधीची कारणे तशी. साखळी मागे नेत गेलो की प्रत्येक कडी आपल्या हाताबाहेरची निघते. मग परीक्षिताचा शेवट पक्का आणि आपली वाट पक्की, यांत कैद्याला काय फरक? एका कोठडीला एकच भिंत आहे आणि दुसरीला चारही बाजूंनी आहेत. उलट मला दैववादच अधिक उदार वाटतो, कारण तो शेवट घेऊन जातो, पण वाटेत तरी आपल्याला मोकळे सोडतो.

निवृत्त मास्तर

आक्षेप जुना आणि जबरदस्त आहे. ग्रीसमधील स्टोइक तत्त्वज्ञ ख्रिसिपस याला त्याच्याच काळात हेच ऐकवले गेले होते आणि त्याची उत्तरे रोमन लेखक सिसेरोच्या इसवी सनपूर्व 44 मधील नियतीवरील निबंधात टिकून आहेत.

विरोधकांच्या युक्तिवादाला 'आळशी युक्तिवाद' असे नावच पडले होते. या आजारातून बरे होणे तुझ्या नशिबात असेल, तर तू वैद्य बोलावलास किंवा नाही बोलावलास तरी बरा होशील. नसेल, तर बोलावूनही होणार नाहीस. म्हणून वैद्य बोलावणे व्यर्थ. ख्रिसिपसने उत्तर दिले की, काही गोष्टी एकट्या ठरत नाहीत, त्या जोडीने ठरतात. ग्रीक कथेतल्या लायस राजाला पुत्र होणार हे ठरले असेल, तर 'तो पत्नीजवळ गेला किंवा न गेला तरी' असे म्हणताच येत नाही. बरे होणे ठरले असेल तर वैद्याला बोलावणेही त्याच ठरण्यात आले. आपल्या वडिलांचे वाचणे आणि मुलाने उचलणे हे असे जोडीचे आहे. 'तरीही' हा शब्द दैववादाचा आणि 'म्हणून' हा नियतत्ववादाचा, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

दुसरे उत्तर उत्तरेश्वर पेठ यांच्या आक्षेपाला थेट भिडते. ख्रिसिपस गोल दंडगोलाचा दाखला देतो, मी तो घरच्या वस्तूंत सांगतो. वरवंटा ढकलला तर गडगडत जातो, पाटा ढकलला तर जागच्या जागी घसरतो. धक्का दोघांनाही बाहेरूनच मिळाला, पण गडगडणे वरवंट्याच्या स्वतःच्या आकारातून आले. मुलाने वडिलांना उचलले तेव्हा धक्का पुराने दिला, उचलणे मात्र मुलाचे होते. कारणांची साखळी आपल्या बाजूने जाते आणि आपल्यातून जाते, यांत फार अंतर आहे.

उत्तरेश्वर पेठ

मास्तर, आदरपूर्वक सांगतो, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. वरवंट्याला तो आकार पाथरवटाने दिला. गडगडल्याचे श्रेय वरवंट्याने का घ्यावे? 'आपल्यातून' म्हटल्याने साखळी आपली होत नाही. पाईपमधून पाणी जाते म्हणून पाणी पाईपचे होत नाही. दैववाद आणि नियतत्ववाद यांची रचना वेगळी आहे, हे मला आता मान्य आहे. पण मोकळेपणाच्या प्रश्नावर दोघेही माझ्या हातून तेवढेच काढून घेतात, यावर मी ठाम आहे.

आणि कोणी अणूंच्या जगाचा दाखला देण्याआधी सांगतो. रेडियमचा अमुक एक अणू केव्हा फुटेल हे भौतिकशास्त्र फक्त शक्यतेच्या भाषेत सांगते, म्हणजे नियतत्ववाद तेथे बहुधा ढिला पडतो. पण त्यामुळे मी मोकळा होत नाही. माझा निर्णय फाशांवर टाकला गेला तर तो माझा कसा राहील?

काहील

मी करवीर तालुक्यातला शेतकरी. आमचे गुऱ्हाळ आहे. उत्तरेश्वर पेठ यांना माझा एक साधा अनुभव सांगतो.

ऊस कोणत्या जातीचा, जमीन कशी, चुलवाणाला जाळ किती, रसात भेंडी केव्हा घातली, मळी कितीदा काढली, यावर काहिलीतल्या आधणाचा रंग ठरतो. सगळे ठरलेले आहे, हे मान्य. पण गुळव्याचे डोळेही त्या ठरण्यातच आहेत. तो पाक पाण्यात टाकून गोळी होते का पाहतो आणि नेमक्या क्षणी काहील उतरवतो. 'गूळ जसा व्हायचा तसा होणार' असे म्हणून तो बाजूला बसला, तर गूळ करपतो. करपणेही नियमानेच होते. गुळव्याचे कसब त्याच्या बापाकडून आले, बापाला आज्याकडून. म्हणून ते त्याचे नाही, असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. कसब असेच येते, दुसरे कसे येणार?

आणखी एक. पत्रिकेत दोष निघाला की आपण शांत करतो, नारायण नागबळी करतो. ज्याला उपाय आहे ते अटळ कसले? शांत करणारा माणूस तोंडाने दैव म्हणतो, पण हाताने कारण बदलायला निघालेला असतो. मी स्वतः त्यांतलाच आहे.

दसरा चौक

हा धागा कोल्हापुरात चालला आहे, म्हणून राजर्षी शाहू महाराजांचा उल्लेख येथे विषयांतर ठरणार नाही, असे वाटते.

खालच्या मानलेल्या जातीत जन्मलेल्या माणसाला शतकानुशतके सांगितले गेले की, हे तुझ्या पूर्वकर्माचे फळ आहे, पाचवीला पुजलेले आहे, भोगल्याशिवाय सुटका नाही. वर वर पाहता ही कारणाचीच भाषा आहे, पण सांगितलेले कारण असे निवडले आहे की त्याला आज कोणाचाच हात पोहोचू नये. महाराजांनी त्याच स्थितीकडे पाहिले आणि तिची हात पोहोचणारी कारणे शोधली. मुलाला शहरात राहायला जागा नाही, म्हणून तो शिकत नाही, तर 1901 पासून वसतिगृहे उभी राहू लागली. शिकला तरी नोकरी नाही, तर 26 जुलै 1902 च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. शाळेत येणेच परवडत नाही, तर 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. महाराजांनी नियतत्ववादाची चर्चा केली होती, असे माझे म्हणणे नाही. पण माणसाची स्थिती कारणांनी घडते असे ज्याला वाटत नाही, तो वसतिगृह बांधणार नाही. दैव मानणारा फार तर अन्नछत्र घालील.

म्हणून मला उत्तरेश्वर पेठ यांचे 'दोघेही तेवढेच काढून घेतात' हे पटत नाही. एक मत हातातले काढून घेते, दुसरे हात कोठे घालायचा ते दाखवते.

निवृत्त मास्तर

दसरा चौक यांनी ज्या कारणाला हात पोहोचत नाही असे म्हटले, त्याला न्याय-वैशेषिक दर्शनांत एक नाव आहे: अदृष्ट. पूर्वकर्मातून उरलेले, डोळ्यांना न दिसणारे, पण फळ देणारे असे ते. पुढे मराठीत 'अदृष्ट' या शब्दाचा अर्थच नशीब असा झाला. मला हा अर्थबदल फार बोलका वाटतो. कर्मसिद्धांत मुळात कार्यकारणाचाच सिद्धांत, पण कारण दिसेनासे झाले की माणसाच्या लेखी त्याचे दैव होते. उलटही घडते. देवीचा रोग एके काळी देवीचा कोप होता. लस आली, कारण दिसले, आणि तो कोप राहिला नाही.

नदीकाठचा

मास्तरांच्या 'दिसेनासे' या शब्दावरून मला आपल्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवला.

9, 10 आणि 11 नोव्हेंबरला, तसेच 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा क्रम असतो. सूर्य त्या दिवशी आकाशात कोठे असेल हे शंभर वर्षे आधी सांगता येते, इतके ते नियत आहे. तरीही काही वर्षी किरण मूर्तीपर्यंत पोहोचले नाहीत, कारण ढग होते, हवेत धूळ आणि बाष्प होते, किंवा किरणांच्या वाटेत बांधकामाचे अडथळे आले होते. किरणांनी पोहोचणे हे परीक्षिताच्या मृत्यूसारखे विधिलिखित असते, तर ते भिंतीला वळसा घालून आले असते. किरण वळसा घालत नाहीत, म्हणूनच वाटेतले अडथळे मोजून काढण्याची गोष्ट बोलता येते.

उत्तरेश्वर पेठ, आपला आक्षेप मी खोडू शकत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. साखळीची पहिली कडी माझ्या हातात नाही. वरवंट्यापेक्षा माणसात एक गोष्ट जास्त आहे असे मात्र मला वाटते. वरवंट्याला 'तू गडगडतोस' असे सांगितल्याने त्याचा आकार बदलत नाही. माणसाला सांगितलेली गोष्ट हीच त्याच्या पुढच्या कृतीचे एक कारण होते. 'काही केले तरी तेच होणार' हे ज्याने ऐकले आणि मानले, तो खुर्चीत बसून राहतो. 'तू करशील त्यावर होणार' हे ज्याने मानले, तो उठतो. म्हणजे या दोन मतांपैकी आपण कोणते मानतो, हेच पाणी किती जणांना गाठणार यातले एक कारण असते. पाईपला हे लागू होत नाही.

उत्तरेश्वर पेठ

हा मुद्दा मला नवा आहे. उठणाऱ्याचे उठणे त्याचे स्वतःचे आहे की नाही, याबद्दल माझी शंका तशीच आहे. पण बसणे आणि उठणे यांतला फरक आपल्याला काय सांगितले गेले यावर अवलंबून असतो, हे मी मान्य करतो. यापुढे घरात दोन्ही शब्द जपून वापरीन.

ओंजळ

दादा, आपले उत्तर मी पुष्कळदा वाचले. 'त्या रात्रीच्या आईला आजच्या माहितीने दोष' हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. सासूबाईंचे वाक्य मात्र मी सोडणार नाही. त्या आता नाहीत, आणि ते त्यांनी माझ्यासाठी शोधून आणलेले वाक्य होते. पण आपण म्हणालात ते खरे आहे. माझ्या धाकट्या मुलाला गेल्या वर्षी रात्री साडेबाराला ताप चढला, तेव्हा मी आयुष्य किती आहे याचा विचार केला नाही, गाडी काढली.

नदीकाठचा

आपण विचारले होते, मास्तर, की आत्याच्या मनात कोणते दैव आहे. मी तिला विचारले. ती म्हणाली, "तुझ्या रूपानं आलं ते दैव." यावर माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित ती पहिल्यापासून गीतेतल्या पाचव्या कारणाबद्दल बोलत असेल आणि मीच तिला परीक्षिताच्या महालात बसवत आलो असेन.

बाबांना मी हा धागा मोठ्या अक्षरांत छापून दिला. त्यांनी तो दोन संध्याकाळी वाचला आणि काही बोलले नाहीत. यंदा मे महिन्यात आम्ही चौघांनी बसून एक कागद केला: राजाराम बंधाऱ्याला पाणी 35 फुटांवर आले की धान्य आणि कागदपत्रे माळ्यावर, 39 ला बाबा आणि आत्या कळंब्याला मावशीकडे. बाबांनी कागद स्वतःच्या अक्षरात पुन्हा उतरवून काढला, वर 'श्री' लिहिले, आणि 39 खोडून 37 केले. रात्रीतून दोन फूट चढते, ते म्हणाले, आणि अंधारात मला उचलून नेताना तुमच्यापैकी कोणाचा पाय घसरला तर काय करायचे.